फावल्या वेळच्या दुरुस्तीची मजुरी

मंडळीच्या अभ्यासासाठीं पाठ

वाचावयाचा भाग : २ राजे १२:४-१५, लूक ३:१०-१४.



खेड, म्हणजे हुतात्मा शिवराम हरि राजगुरु ह्यांच्या नांवानें आज ओळखलें जाणारें राजगुरुनगर, आणि त्याच्या दक्षिणेचें चाकण, ह्या दोन गांवांमधील अंतर थोडें आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत ह्या थोड्या अंतरानें आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचें जीवन पुष्कळ बदललें आहे. एके काळीं चाकणचें नांव कांद्याबटाट्याच्या बाजारासाठीं निघे. आज तें मोटारींच्या कारखान्यांसाठींही निघतें. आमच्या घरांतील तरुण आय.टी.आय. मध्यें फिटरचें, वायरमनचें, वेल्डरचें शिक्षण घेऊन त्या कारखान्यांत पाळीनें कामास जातात. पाळी संपल्यावर, किंवा सुट्टीच्या दिवशीं, ते घरीं आले म्हणजे त्यांच्या दारीं माणसें येतात. कोणाचा विहिरीवरील पंप बंद पडलेला असतो, कोणाची मोटारसायकल, कोणाचें शिलाईचें यंत्र. काम होतें. मग "किती द्यावयाचे?" असा प्रश्न येतो, आणि तो तरुण खालीं पाहून म्हणतो, "काय द्यायचें तें द्या."

ह्या चार शब्दांविषयीं आजचा पाठ आहे. वरवर ते नम्रतेचे शब्द वाटतात. परंतु देणारा घरीं जाऊन म्हणतो, "जास्तच गेले"; घेणारा घरीं जाऊन म्हणतो, "एवढेच दिले." पुढल्या रविवारीं दोघे एकाच सतरंजीवर प्रार्थनेस बसतात, पण मनें एकमेकांपासून दूर गेलेलीं असतात. कित्येक ठिकाणीं तर अंगीं हुन्नर असलेला भाऊ उपासनेस येण्याचेंच टाळूं लागतो. कारण आशीर्वाद होतांच कोणीतरी बंद पडलेला पंखा घेऊन त्याच्यापुढें उभा राहतो, आणि त्याच्या मोलाची गोष्ट कोणीच काढीत नाहीं. थोड्या रुपयांसाठीं भाऊ भावास अंतरतो. म्हणून हा प्रश्न लहान नाहीं, आणि पवित्र शास्त्र त्याविषयीं मुकें नाहीं.

१. मंदिराच्या डागडुजीचा हिशेब

यहूदाचा राजा योआश ह्याच्या काळीं यरुशलेमांतील मंदिर मोडकळीस आलें होतें. राजानें याजकांस सांगितलें कीं, लोकांकडून येणारा पैसा घेऊन मंदिराची डागडुजी करा. परंतु त्याच्या कारकिर्दीचें तेविसावें वर्ष आलें तरी भेगा तशाच होत्या. शास्त्र याजकांस चोर म्हणत नाहीं. त्यांनीं आपापल्या ओळखीच्या लोकांकडून पैसा घ्यावा, एवढेंच ठरलें होतें. आणि ओळखीवर सोपविलेलें काम ओळखींतच राहिलें.

तेव्हां यहोयादा याजकानें एक पेटी घेतली, तिच्या झांकणास भोंक पाडलें, व ती वेदीजवळ ठेविली. पेटींत पुष्कळ पैसा सांठला म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक तो मोजून पिशव्यांत बांधीत, आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हातीं देत. ते लोक सुतार, बांधकाम करणारे, गवंडी व पाथरवट ह्यांस मजुरी देत, आणि लांकूड व घडीव दगड विकत घेत. पंधराव्या वचनांत अशी गोष्ट सांगितली आहे कीं, ज्यांच्या हातीं हा पैसा दिला त्यांच्यापाशीं कोणी हिशेब मागत नसे, कारण ते प्रामाणिकपणें वागत.

ह्या भागांतून तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, डागडुजी प्रत्यक्ष देवाच्या घराची होती, तरी ती फुकट करून घेतली नाहीं. पाथरवटास कोणी असें म्हटलें नाहीं कीं, तूं देवाचा भक्त आहेस, मग मजुरी कसली? दुसरी ही कीं, मजुरी व सामान हीं दोन खातीं शास्त्रकर्त्यानें वेगवेगळीं सांगितलीं आहेत. तिसरी गोष्ट क्रमाची आहे. आधीं पैसा मोजला गेला, मग विश्वास ठेवला गेला. आम्ही पुष्कळदां हा क्रम उलटा करितों. "आपलाच माणूस आहे" म्हणून आधीं विश्वास ठेवितों व मोजण्याचें टाळितों. मग जेव्हां मोजण्याची वेळ येते तेव्हां विश्वासही जातो.

२. खळ्यावरचा पसरलेला हात

महाराष्ट्रांतील खेड्यांत दुरुस्तीची मजुरी रोख पैशांत ठरविण्याची चाल फार जुनी नाहीं. पूर्वीं हें काम बलुत्यानें चाले. सुतार वर्षभर कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर नीट करून देई; लोहार फाळ पाजवून देई; चांभार मोट शिवून देई; आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर शेतकरी त्यांस धान्याचा वांटा घाली. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गांवगाडा' ह्या पुस्तकांत ह्या व्यवस्थेचें वर्णन आहे.

ह्या रीतींत एक गुण होता. नांगर वर्षांत कितीही वेळां मोडला तरी बलुतें तेवढेंच; म्हणून कच्चें काम करून गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यावें, असा लोभ कारागिरास होण्याचें कारण नव्हतें. परंतु दोष ह्याहून मोठा होता. वांटा रूढीनें ठरलेला असला तरी पदरांत किती पडेल हें देणाऱ्याच्या मर्जीवर राही, आणि मान कामावर नव्हे तर जातीवर ठरे. जे सर्वांत खालच्या पायरीवर ठेविले होते त्यांस वेठीचें काम पडे व खळ्यावर हात पसरून उभें राहावें लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महारवतनाविषयीं विधेयक आणलें, तें ह्याच दुःखामुळें. आणि शेवटीं १९५८ च्या कायद्यानें हीं कनिष्ठ गांवकीचीं वतनें रद्द झालीं.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचे आजे-पणजे त्या खळ्यावर उभे होते. हें स्मरलें म्हणजे "काय द्यायचें तें द्या" हे शब्द कोठून आले हें कळतें. तो खळ्यावरचा पसरलेला हात आहे. हातांत आतां पाना व टेस्टर आला, अंगावर कारखान्याचा गणवेश आला, तरी जीभ अजून जुन्या सवयीनें बोलते. मागील पिढ्यांस आपल्या श्रमाचें मोल सांगण्याची मुभाच नव्हती. आम्हांस ती मिळाली असतां आम्ही ती लाजेनें टाकून द्यावी काय? शेजाऱ्याकडून मजुरीवांचून काम करून घेणाऱ्या राजास यिर्मया संदेष्टा कठोर शब्दांनीं दोष देतो (यिर्मया २२:१३). ज्या अन्यायास देव अन्याय म्हणतो त्यास कारागिरानें आपण होऊन वाट करून देऊं नये.

कोणी म्हणेल, हातानें केलेल्या दुरुस्तीचें मोल मागणें हलकें दिसतें. त्यानें विल्यम केरी ह्यांचें स्मरण करावें. मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं व मराठी शब्दकोश १८१० सालीं छापून प्रसिद्ध करणारे हे थोर मिशनरी, इंग्लंडांतील खेड्यांत मंडळीचे पाळक असतांना, जोडे शिवून व शाळा चालवून पोट भरीत. पुढें हिंदुस्थानांत एका मेजवानींत कोणी सेनाधिकाऱ्यानें, हे पूर्वीं जोडे बनविणारे होते ना, असें विचारल्याचें ऐकून त्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, बनविणारा नव्हे, मी केवळ जुने जोडे दुरुस्त करणारा होतों. ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितली जाते. पौल प्रेषितही करिंथ येथें अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं तंबू करण्याचें काम करी (प्रेषितांचीं कृत्यें १८:३). त्यानें सुवार्ता फुकट सांगितली, पण तंबू फुकट वांटले असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तंबूची मजुरी मिळे म्हणूनच सुवार्तेचा भार कोणावर न घालणें त्यास शक्य झालें. त्याचें दान त्याच्या मजुरीवर उभें होतें.

३. मजुरी कशी काढावी

मोल मागावें हें ठरलें. आतां तें किती मागावें? बाप्तिस्मा देणारा योहान ह्याच्याकडे जकातदार आले तेव्हां त्यानें त्यांस जकात सोडावयास सांगितलें नाहीं. ठरलेल्यापेक्षां अधिक घेऊं नका एवढेंच सांगितलें (लूक ३:१३). ह्यावरून, ठरलेलें कांहीं तरी असलें पाहिजे हें उघड आहे. तें मनाच्या लहरीनें न ठरवितां कागदावर मांडून ठरवावें. खालील आंकडे उदाहरणादाखल आहेत. रीत घ्यावी, आंकडे आपापले घालावे.

समजा, एका फिटरचा पगार महिन्यास २६,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे ८ तास धरले तर २०८ तास होतात, म्हणजे तासास १२५ रुपये पडले. हा त्याच्या हातांचा असा भाव आहे कीं जो दुसऱ्यानें, त्याचें काम पाहून, अगोदरच मान्य केला आहे. तो शेजाऱ्याच्या भीडेनें कमी किंवा शेजाऱ्याच्या गरजेनें अधिक झालेला नाहीं. म्हणून तो आरंभास चांगला.

आतां त्यानें एका विहिरीवरील पंप दुरुस्त केला. उघडून दोष शोधण्यास एक तास, राजगुरुनगरास जाऊन सुटे भाग आणण्यास एक तास, बसवून चालवून पाहण्यास दोन तास, असे चार तास गेले. त्यांची मजुरी ५०० रुपये. कारखान्यांत हत्यारें, वीज, डोक्यावरचें छप्पर व पगारी रजा धन्याची असते. येथें पाना झिजतो तो स्वतःचा, आणि काम बिघडलें तर पुन्हा यावें लागतें तें स्वतःच्या वेळांत. त्यासाठीं मजुरीच्या चौथाईइतके, म्हणजे १२५ रुपये धरावे. बेअरिंग व कपॅसिटर ह्यांचें दुकानाच्या पावतीप्रमाणें मोल ३४० रुपये, आणि पेट्रोलचे ६० रुपये. एकूण १,०२५ रुपये झाले.

ह्यावर कोणी विचारील कीं, कारखान्यांत जादा वेळेस कायद्यानें दुप्पट दर मिळतो, मग येथें कां नको? तो दुप्पट दर, धन्यानें कामकऱ्याचा दिवस विनाकारण लांबवूं नये म्हणून घातलेला बांध आहे. शेजाऱ्यानें तुमचा दिवस लांबविलेला नाहीं. तुम्ही तें काम स्वखुषीनें घेतलें आहे. तथापि मध्यरात्रीं ओढ्यापलीकडे बोलावलें तर अधिक मागण्यास हरकत नाहीं. मात्र तें निघण्यापूर्वीं सांगावें, परत आल्यावर नव्हे.

ह्या रीतीबरोबर आणखी कांहीं गोष्टी पाळाव्या. काम प्रथमच शिकत असल्यामुळें एका तासाच्या कामास तीन तास लागले, तर दोन तासांचें शिक्षण आपलें आहे. त्याचें मोल शेतकऱ्यावर घालूं नये. उलटपक्षीं, वर्षांनुवर्षांच्या अनुभवानें दहा मिनिटांत दोष सांपडला, तर दहा मिनिटांचेच पैसे घेतले पाहिजेत असें नाहीं. येऊन पाहण्याचा एक ठराविक आकार असावा आणि तो सर्वांस ठाऊक असावा. काम झालेंच नाहीं तर त्या आकाराहून अधिक घेऊं नये. महिन्याच्या आंत तोच दोष पुन्हा निघाला तर मजुरी न घेतां काम करून द्यावें. बलुत्याच्या रीतींतला जो गुण, तो येवढा आम्ही जपावा.

सामानाविषयीं अधिक सावध असावें, कारण मोह तेथें अधिक आहे. वेष्टनावर छापलेल्या किंमतीपेक्षां अधिक घेणें कायद्यानेंही मना आहे. दुकानदार ओळखीच्या मिस्त्रीस कांहीं सूट देतो; ती सूट कोणाची, हा प्रश्न मनांत दाबून ठेवूं नये. एकतर खरी पावती दाखवून तेवढेंच घ्यावें, किंवा सामान आणण्याचे आपण इतके घेतों हें उघड सांगावें. काढलेला जुना भाग मालकाच्या हातीं द्यावा, म्हणजे तो खरोखर बदलला हें त्यास दिसतें. मोटरचें रिवाइंडिंग करितांना जळालेली तांब्याची तार निघते. ती भंगारांत किलोवर विकली जाते व तिचे बरे पैसे येतात. ती तार मालकाची आहे. ती त्यास परत द्यावी, नाहीं तर तिचें मोल बिलांतून वजा करावें. पिशवींत हलकें व जड अशीं दोन वजनें बाळगूं नये असें नियमशास्त्र सांगतें (अनुवाद २५:१३-१६). गप्प राहून खिशांत घातलेली तार हेंही तसलेंच दुसरें वजन होय.

४. अडलेल्याची वेळ

ह्या तालुक्यांत कांदा पोसण्याच्या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तरी शेतकऱ्याचें काळीज हलतें. शेतीपंपांस तीन फेजची वीज पाळीपाळीनें मिळते, आणि दाब कमीजास्त झाला म्हणजे मोटर जळते. अशा रात्रीं शेतकरी मिस्त्रीच्या दारीं येतो तेव्हां तो भाव करीत नाहीं. जें मागाल तें कबूल करितो. अडला हरि गाढवाचे पाय धरी, अशी आमची म्हण आहे. परंतु त्या घटकेची कबुली ही खरी कबुली नव्हे. पाणी बांधावर आलें, पीक वांचलें, म्हणजे त्यास कळतें कीं आपण नाडले गेलों. आणि ख्रिस्ती माणसानें नाडलें, ही गोष्ट आमच्या उपदेशापेक्षां गांवांत लवकर पसरते.

म्हणून दर ऋतूवर नसावा. मिरगाच्या आधीं जो आकार, तोच कांदा उभा असतांना. कष्ट अधिक असतील तर अधिक घ्यावें. गरज अधिक आहे एवढ्याचसाठीं अधिक घेऊं नये. कष्ट आपले आहेत, त्यांचें मोल आपण मागूं शकतों. गरज त्याची आहे, ती आम्हीं विकावयाची नाहीं.

ह्याच ठिकाणीं आणखी एक सांगणें आहे. जात्याची तळी किंवा वरची पेड गहाण घेऊं नये, कारण तें माणसाचें जीवितच गहाण घेणें होय, असा नियमशास्त्राचा आशय आहे (अनुवाद २४:६). आजच्या काळीं विधवेचें शिलाईचें यंत्र, रिक्षावाल्याची रिक्षा, शेतकऱ्याचा पंप, हीं जातीं होत. दुरुस्त झालेली वस्तु पैशासाठीं अडवून ठेवण्याचा कारागिरास कांहीं हक्क असेलही; परंतु ज्या वस्तूच्या कमाईंतूनच पैसे यावयाचे ती अडवून ठेवण्यांत दया नाहीं व शहाणपणही नाहीं. हप्ते ठरवावे व वस्तु जाऊं द्यावी.

आणि कांहीं कामांस दरच नसावा, कारण तीं करावयाचींच नाहींत. खांबावरून आकडा टाकून देणें, मीटरशीं खेळणें, चालू तारेवर हात घालणें, ह्यांचे पैसे कोणी कितीही देऊं केले तरी घेऊं नयेत. तेथें मोल पैशाचें नसून जिवाचें आहे.

५. दान आणि दर

आतां सर्वांत कठीण प्रश्न राहिला. मावशीचा पंखा, पाळकांची मोटारसायकल, मंडळींतील गरीब विधवेचा दिवा, ह्यांचेही तासाप्रमाणें पैसे घ्यावे काय?

आमचें मत असें आहे कीं, दान अवश्य करावें, पण तें दान म्हणूनच करावें. दर मोडून करूं नये. ह्या दोहोंत मोठा भेद आहे. "मावशी, ह्या कामाचे ४०० रुपये होतात, पण तुमच्याकडून मी कांहीं घेणार नाहीं," असें म्हणणारा खरें बोलला आणि खरें दिलें. मावशीसही कळलें कीं आपणांस काय मिळालें. परंतु "असूं दे, काय द्यायचें तें द्या" असें म्हणणाऱ्यानें दानही दिलें नाहीं व मजुरीही मागितली नाहीं. त्यानें आपलें ओझें मावशीच्या मनावर टाकलें. तिनें थोडे दिले तर तो मनांत धरील, पुष्कळ दिले तर ती मनांत धरील.

ज्यास जितकें देणें झेपतें तितकें त्यानें आधींच ठरवावें. कोणी महिन्यांतील दोन कामें दानासाठीं राखील, कोणी सुट्टीच्या दिवसाची एक सकाळ. तीं संपलीं म्हणजे लाजूं नये; "ह्या महिन्याचें माझें देणें झालें, हें काम मजुरीनें करीन," असें म्हणावें. पौल करिंथकरांस सांगतो कीं प्रत्येकानें मनांत ठरविल्याप्रमाणें द्यावें, दुःखानें किंवा भाग पडलें म्हणून नव्हे (२ करिंथ ९:७). भीडेनें केलेलें फुकट काम हें बहुधा ह्या दुसऱ्या जातीचेंच असतें.

येथें कोणी अभ्यासू वाचक द्राक्षमळ्याचा दाखला पुढें करील (मत्तय २०:१-१६). घरधन्यानें तिसऱ्या तासाच्या मजुरांस आंकडा सांगितला नाहीं, जें योग्य तें देईन एवढेंच म्हटलें. मग "काय द्यायचें तें द्या" ह्यांत चूक काय? दाखला नीट पाहावा. ते शब्द मजुरानें उच्चारलेले नाहींत, धन्यानें उच्चारले आहेत. आणि धनी आपल्या शब्दानें आपल्यावर ओझें घेतो, दुसऱ्यावर घालीत नाहीं. शिवाय पहांटेच्या मजुरांशीं एक दिनार ठरला होता तो त्यानें पुरा दिला, आणि मग आपल्या पैशांतून शेवटल्यांस अधिक दिलें. उदारपण आपल्या थैलींतून करावयाचें असतें. समोरच्यास उदार होण्याच्या अडचणींत घालणें हें उदारपण नव्हे. आणि त्या मळ्यांत कुरकुर केली ती कोणीं? ज्यांची मजुरी ठरली होती त्यांनीं. म्हणून, ठरविल्यानें सर्व कुरकुर थांबेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ठरलें असलें म्हणजे कुरकुर करणाऱ्यास उत्तर देतां येतें.

६. धन्याचा वेळ, धन्याची वस्तु

जोडधंद्याची मजुरी स्वच्छ असावी म्हणून ती ज्यांतून निघते तें झरेंही स्वच्छ असावें. नेमणुकीच्या पत्रांत बाहेरचें काम करण्यास मनाई असेल तर ती वाचून पाहावी व वरिष्ठांस विचारावें. कारखान्याचा पाना, कारखान्याचें ग्रीस, कारखान्याची उरलेली वायर पिशवींतून आणून स्वस्तांत काम करून देणें हें शेजाऱ्यावर उपकार करणें नव्हे. तें दुसऱ्याच्या खिशांतून दान करणें आहे. रात्रभर पंप दुरुस्त करून सकाळच्या पाळींत यंत्रावर डुलकी घेणारा, धन्यास विकलेला वेळ दुसऱ्यांदा विकतो, आणि आपलीं बोटें धोक्यांत घालतो.

विश्रांतीच्या दिवसाविषयींही हेंच. ज्याची सुट्टी रविवारीं असते त्याच्यापाशीं गिऱ्हाइकें रविवारींच येतात. पीक जळत असतां पंप सुरू करणें हें खड्ड्यांत पडलेलें मेंढरूं वर काढण्यासारखें आहे (मत्तय १२:११), तें करावें. पण ज्या मिक्सरास सोमवारपर्यंत थांबतां येतें त्यासाठीं उपासना व मुलाबाळांचा वेळ देऊं नये. जोडधंद्याच्या हिशेबांत हें मोल कोणी मांडीत नाहीं. घरांतील माणसें मात्र तें भरीत असतात.

आणि आलेली मजुरी वहींत लिहावी. तीही उत्पन्नच आहे. सरकारच्या कराचा विचार करितांना व देवाच्या दशमांशाचा विचार करितांना ती विसरूं नये.

७. काम करून घेणाऱ्याचें कर्तव्य

हा पाठ केवळ कारागिरासाठीं नाहीं. गिऱ्हाईक वस्तु घेतांना तिला नांवें ठेवतें व मग स्वस्तांत मिळाली म्हणून घरीं फुशारकी मारतें, असें नीतिसूत्रांत सांगितलें आहे (२०:१४). "नुसता एक स्क्रू तर आवळला," असें म्हणणारा भाऊ हेंच करितो. शहरांतील दुकानांत छापील दर निमूटपणें देणारे आम्ही, आपल्या मंडळींतील मुलाच्या हातांवर मात्र भाव करितों. कारण तो आपला आहे. आपला आहे म्हणून तर त्यास आधीं द्यावयास पाहिजे. मजुराची मजुरी आपल्यापाशीं रात्रभर राहूं नये, अशी देवाची आज्ञा आहे (लेवीय १९:१३). आतां तर मोबाईलवरून पैसे पाठविण्यास उंबऱ्याबाहेरही जावें लागत नाहीं. ज्यास देणें झेपत नाहीं त्यानें काम सुरू होण्यापूर्वीं तसें सांगावें. तसें सांगण्यांत लाज नाहीं. काम झाल्यावर तोंड चुकविण्यांत आहे.

पाळकांनीं व पंचांनींही एक गोष्ट करावी. मंदिराची वायरिंग, ध्वनिक्षेपक, हापसा ह्यांचें काम मंडळींतील तरुणाकडून करून घेतांना त्यास मजुरी विचारावी व ती खजिन्यांतून द्यावी. त्यास ती परत दानपेटींत घालावयाची असेल तर तो घालील. तो त्याचा व देवाचा प्रश्न आहे. यहोयादा याजकानें पाथरवटाकडून फुकट काम मागितलें नाहीं. आम्हीही मागूं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१. योआशाच्या काळीं पैसा आधीं मोजला गेला व मग विश्वास ठेवला गेला. आपल्या घरच्या व मंडळीच्या व्यवहारांत हा क्रम कसा आहे?

२. "काय द्यायचें तें द्या" असें आपण शेवटीं केव्हां म्हटलें किंवा ऐकलें? त्यानंतर दोघांच्या मनांत काय राहिलें?

३. आपल्या मंडळींत कोणाच्या हुन्नराचा आपण फुकट उपयोग करीत आलों आहों? त्याचें किती देणें राहिलें आहे?

४. कारागीर बंधूंनीं आपला तासाचा आकार, पाहण्याचा आकार, व पुन्हा दोष निघाल्यास काय करूं तें, एका कागदावर लिहून आणावें. तो कागद श्रीमंत व गरीब, नातलग व परका, अशा सर्वांस सारखाच दाखवितां येईल काय?

ज्यांच्या वाडवडिलांस आपल्या श्रमाचा आंकडा उच्चारतां येत नव्हता, त्यांच्या मुलांनीं तो आतां मान वर करून, नम्रपणें व खरेपणानें उच्चारावा. नासरेथांत ज्या प्रभूस लोक सुतार म्हणून ओळखीत (मार्क ६:३), त्यास कामकऱ्याचा हात ठाऊक आहे. तो आमच्या हातांस प्रामाणिक मजुरी देवो, आणि त्या मजुरींतून आनंदानें देण्याचें मनही देवो. आमेन.